एकशे बाराव्या पानापर्यंत

सकाळचा उजेड त्या घरात सरळ येत नसे. पूर्वेला खिडकीच नव्हती. तो आधी समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर पडे, तिथे घटकाभर थांबे आणि मग उसना मागून आणल्यासारखा अलीकडे येई; म्हणून त्याला ना ऊब असे, ना धार. प्रथम तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर उतरे आणि पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या कडा तेवढ्या उजळी. मग दाराची चौकट ओलांडून बाहेरच्या खोलीत येई, फरशीच्या दोन ओळी चाले, टेबलाच्या पायाशी रेंगाळे आणि पलंगाशी पोचे. पाणी ओसरल्यावर नदीतले दगड एकेक करून दिसू लागावेत तशा पांघरुणाच्या चुण्या दिसू लागत. त्यानंतर गोळ्यांची सात खणांची डबी, मग स्टुलावरचा पाण्याचा पेला, आणि सर्वांत शेवटी पेल्याला टेकून राहिलेला बाबांचा उजवा हात. झोपेत तो हात निश्चल असे. पेल्यातल्या पाण्यावर खिडकीची एक लहानशी पांढरी चौकट उमटे आणि स्वस्थ पडून राही. मग केव्हातरी तिच्या कडा विसकटू लागत, चौकट मोडून तिचे तुकडे पाण्यावर पळू लागत. म्हणजे बाबा जागे झाले.

त्यांचा मुलगा रोज सहा वाजल्यापासून समोरच्या खुर्चीत बसून ती चौकट पाही. तेवढी दहा-पंधरा मिनिटे त्या घरात कोणीच आजारी नसे.

बाबांनी चाळीस वर्षे दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले होते. काटा मध्यावर येऊन ठरेपर्यंत ते श्वास रोखून धरत. ठरला की हलकी टिचकी मारून पुन्हा हलवत. दुसऱ्या वेळीही तिथेच ठरला, तरच काम पुरे झाले असे मानत. पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर आपला उजवा हात ठेवून ते म्हणाले होते, "हा काही ठरायचं नाव घेत नाही." डॉक्टर हसले होते. तो हसला नव्हता. बाप विनोद करतो तेव्हा मुलाने कुठे पाहावे, हे त्याला कधीच उमगले नव्हते.

आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. ताई लग्न होऊन चार तासांच्या अंतरावर राहत होती. तिच्या घरी नवरा, सासूबाई, दोन मुली आणि सतत वाजणारी दाराची घंटा. इथे दोघेच. गेल्या महिन्यात न्हाणीघराच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकले. धड मात्र पुढे गेले. कपाळाला तीन टाके पडले. ताई दुसऱ्या दिवशी आली आणि टाके पाहून एक शब्दही बोलली नाही, हेच तिच्या बाबतीत भयंकर होते. जाताना जिन्यात तिने सांगितले, की महिनाअखेरीला ती येईल आणि बाबांना घेऊन जाईल. बाबांना जायचे नव्हते. या घराचा प्रत्येक कोपरा आपल्या पायांना पाठ आहे, नव्या घराचा पहिला धडा गिरवायचे हे वय नव्हे, असे ते म्हणाले होते. त्याने एक महिना मागून घेतला. या आजारासोबत नीट कसे राहायचे ते आपण वाचून काढू, असे त्याने ताईला सांगितले.

"पुस्तक वाचून पोहायला शिकलेला एक माणूस दाखव मला," ताई म्हणाली. पण महिना दिला.

वाचण्यावर त्याचा विश्वास असणे स्वाभाविक होते. तो घराजवळच्याच ग्रंथालयात कामाला होता; बाबांच्या गोळ्यांच्या वेळी घरी येऊन जाई. मात्र वाचकांसमोर नव्हे, मागच्या खोलीत. परत आलेली पुस्तके त्याच्या टेबलावर येत. फाटलेले पान चिकटवायचे, सुटलेला दोरा भरायचा, आणि वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या रेघा, शेरे, गिरगोट्या खोडून पुस्तक पुन्हा कोरे करायचे, हे त्याचे काम. त्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. मऊ रबर, एकाच दिशेने, शिवणीकडून कडेकडे, मग ब्रश. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण आणि तारीख. सहकारी त्याला खोडरबर म्हणत. ग्रंथपालबाई मात्र कौतुकाने म्हणत, की त्याने साफ केलेल्या पानावर पेन्सिल कधी टेकली होती हे पेन्सिलीलाही सांगता येणार नाही. त्याचा स्वतःपुरता एक नियम होता: खोडायचे ते वाचायचे नाही. ते दुसऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखे होई.

पहिल्या आठवड्यात त्याने मिळेल ते वाचले. जाडजूड वैद्यकीय ग्रंथांत मेंदूच्या काळ्या द्रव्याविषयी चाळीस पाने होती आणि सदऱ्याच्या बटणांविषयी एकही ओळ नव्हती. दवाखान्यातल्या रंगीत पत्रकावर एक वृद्ध जोडपे बागेत हसत होते; दोघांचेही दात इतके पांढरे, की आजार दातांचा असावा आणि तो बरा झाला असावा असे वाटे. एका लेखकाने चाळीस दिवसांत पूर्ण मुक्तीचे वचन दिले होते. ते पुस्तक त्याने बाबांना दिसू नये म्हणून कपाटावर टाकले, आणि दोन दिवसांनी खाली काढून स्वतः शेवटपर्यंत वाचले. फोनवर उघडलेली पाने सांगत, 'आपल्या काळजीवाहकाशी संवाद साधा.' काळजीवाहक म्हणजे आपण, हे कळायला त्याला अंमळ वेळ लागला. आणि आपल्याशी संवाद साधायला घरात दुसरे कोण आहे, याचे उत्तर त्या पानावर नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात, आपल्याच ग्रंथालयाच्या आरोग्यविषयक कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर त्याला एक पातळ पुस्तक सापडले. 'कंपवाताच्या रुग्णांसाठी मार्गदर्शन', पाने एकशे नव्वद. एका निवृत्त डॉक्टरांनी लिहिलेले, सज्जन आणि निरुपयोगी. "रुग्णाने कपडे घालताना पुरेसा वेळ घ्यावा" अशी त्यातली वाक्ये. दहा वाजले होते. त्याच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून ऊन पानावर अगदी तिरपे आले होते. आणि त्या तिरप्या उजेडात समासाची कोरी जागा कोरी दिसेना. तिथे चर होते. अक्षरांच्या आकाराचे, पेन्सिलीचा काळा रंग गेलेला पण दाब राहिलेला. त्याने पान किंचित कलते केले आणि वाचले: "पुरेसा म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगलं, तेव्हापासून दोघांना बरं."

तो पाने उलटत गेला. प्रत्येक पानाच्या कडेला कोणीतरी बोलत होते. "दारात पाय अडकले की ओढू नये. आपला पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवावा. तो ओलांडतात आणि सुटतात." "गोळी आधी, जेवण अर्ध्या तासाने. उलट झालं की सगळी दुपार फुकट." "चालताना प्रश्न विचारू नये. एका वेळी एकच: पाय तरी, तोंड तरी." "चेहरा हसत नाही, आतून हसतात. चिडू नये." आणि एका पानावर, कशालाच न जोडलेले: "आज मी चिडले."

एवढ्या दिवसांत इतके उपयोगाचे त्याने काही वाचले नव्हते. ज्याने कुणी हे खोडले त्याचा त्याला मनापासून राग आला, आणि तो राग पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत टिकला. तिथे कोपऱ्यात बरोबरची बारीक खूण होती. तारीख चार वर्षांपूर्वीची. अक्षर त्याचे स्वतःचे.

तो बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसला. आठवत काहीच नव्हते. आठवणार कसे, त्याने वाचले कुठे होते.

पुढचे दहा दिवस तो रोज सकाळी दहा वाजता, उन्हाची ती अर्धी घटिका साधून, समासातले शब्द वहीत उतरवत असे आणि संध्याकाळी घरी नेत असे. घड्याळ बाबांच्या पाठीमागे गेले. न्हाणीघराच्या वाटेवर त्याने जाड कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या एकेका पावलावर चिकटवल्या. बाबा त्या ओलांडत न अडखळता पलीकडे गेले आणि दारातून वळून म्हणाले, की साठी उलटल्यावर लंगडी खेळायची पाळी येईल असे वाटले नव्हते. या वेळी तो हसला. कूस पालटता यावी म्हणून कमरेखाली गुळगुळीत चादर आली. पेल्याच्या जागी जड बुडाचा पितळी पेला आला. रविवारी ताईचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात असा काही तोरा होता, की तिने विचारले, कोणी बाई ठेवली आहेस का मदतीला. त्याने नाही म्हटले. नेमके कसे जमते आहे हे मात्र त्याने सांगितले नाही. ते बोलणे त्याचे आणि समासातल्या त्या बाईचे होते. बाईच असणार; 'आज मी चिडले' असे लिहिले होते. कोऱ्या कागदात कान लावून बसल्यासारखा तो रोज तिच्याकडे जाई, आणि कित्येक वर्षांत कोणाशी जेवढे बोलला नव्हता तेवढे मनातल्या मनात तिच्याशी बोले.

एकशे बाराव्या पानावर लिहिले होते: "खाली बसले तर उठवताना दंड धरून ओढू नये. खुर्ची पुढे ठेवावी, गुडघ्यावर आणावं. वेळ लागतो." आणि तिथून पुढे काही नाही. एकशे तेरा ते एकशे नव्वद, पाने खरोखरच कोरी. त्याने ती कलती करून पाहिली, उलटी करून पाहिली, बोटाच्या टोकाने चाचपली. आपणच इथे अधिक जोर लावून खोडले असेल, ही शंका त्याला दिवसा कामात आणि घरी जेवताना छळू लागली. महिना संपायला नऊ दिवस होते. बाबांचे पाय आता संध्याकाळी पट्ट्यांनाही दाद देत नव्हते. पुढचे काय, ते पुढच्या पानांवरच असणार होते.

पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर एकच सभासद क्रमांक ओळीने सात वेळा होता. वाचकांची नोंदवही खाजगी कारणासाठी उघडायची नसते. त्याने ती उघडली. पत्ता ग्रंथालयापासून सहा गल्ल्यांवरचा निघाला. धीर गोळा करण्यात दोन दिवस गेले. शनिवारी ग्रंथालय दुपारी बंद होई. तेव्हा तो गेला.

दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या, उंच, ताठ होत्या. ग्रंथालयातून आलो असे तो पुटपुटला, तेव्हा त्यांनी पुस्तक तर मी कधीच परत केलंय असे आधी ठणकावले आणि मग त्याचा चेहरा पाहून आत बसवले. त्याने पुस्तक पुढे ठेवले. सगळे सांगितले: बाबा, टाके, ताई, पट्ट्या. खोडण्याचेही सांगितले, मान खाली घालून. बाईंनी पुस्तक खिडकीकडे नेऊन कलते धरले आणि हसल्या.

"म्हणजे तुला धड खोडताही येत नाही," त्या म्हणाल्या.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. बाहेरगावच्या प्रत्येक फोनची चिठ्ठी कार्बन लावून तीन प्रतींत लिहायची, आणि तिसऱ्या प्रतीवर उमटले नाही तर साहेब फेरलेखन करायला लावी. तेव्हापासून हात दाबूनच चालायचा. त्यांचे यजमान नऊ वर्षे आजारी होते आणि त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली होती. पुस्तक त्यांनी त्यानंतर परत केले. पुढच्याच्या उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम काही पुसले नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून त्याला ते अधिक लागले.

मग त्याने ज्यासाठी आलो होतो ते विचारले. एकशे बारानंतर काय लिहिले होते?

"काही नाही. लिहिलंच नाही पुढे."

त्याला ते खरे वाटेना. काकू, माझ्या हातून खोडले गेले असेल तर आठवेल तेवढे सांगा, मी लिहून घेतो, असे म्हणत त्याने वहीसुद्धा काढली.

"अरे, एकशे बारापर्यंत मी एकटी होते घरात," काकू म्हणाल्या. "त्यानंतर माझी धाकटी जाऊ येऊन राहिली. मग पुस्तकात कशाला लिहू? सांगायला माणूस होतं."

त्याने वहीचे कोरे पान बोटाने सपाट केले.

"तुझ्याकडे कोण आहे?"

"मी आहे," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "वही आहे."

"वही त्यांची दुसरी बगल धरते का?"

त्याने काकूंचे आभार मानले. चहाला नको म्हटले, मग घेतला, मग त्यांनी यजमानांचे आणखी दोन-तीन किस्से सांगितले तेव्हा उठणे बरे दिसेना. बाहेर पडल्यावर सहा गल्ल्या तो मनाशी वाद घालत चालला. काकूंचे तेव्हा वय झाले होते. तो तेहतीस वर्षांचा होता. काकूंचे यजमान उंचेपुरे असतील. बाबा पहिल्यापासून किरकोळ. काकूंना जावेची गरज पडली म्हणून सगळ्यांनाच पडते असे थोडेच आहे? रस्त्याच्या दुतर्फा दुकानांची दारे उघडी होती, आत माणसे दोघे-तिघे मिळून शनिवारची आवराआवर करत होती, एक जण शिडीवर आणि एक जण शिडी धरून; तो त्यांच्या मधून कोणाचा धक्का लागू न देता गेला. धक्का लागू न देता चालणे त्याला लहानपणापासून छान जमे. घराच्या जिन्यापर्यंत त्याने वाद जिंकला होता. जिन्यात त्याचे घड्याळाकडे लक्ष गेले. पाच वाजून गेले होते. चारची गोळी.

बाबा पलंग आणि टेबल यांच्या मध्ये जमिनीवर होते, कुशीवर, एक हात अंगाखाली. त्यांचे डोळे उघडे होते.

"लागलं नाही," ते म्हणाले. हल्ली त्यांचा आवाज कागदावर कागद घासावा तसा झाला होता. "हाका मारल्या मी. पण त्या दारापर्यंतच जाऊन परत येतात."

किती वेळ झाला, असे त्याने विचारले. बाबांनी भिंतीकडे पाहायचा प्रयत्न केला. घड्याळ त्यांच्या पाठीमागे होते.

त्याने आधी गोळी दिली, थेंबथेंब पाणी दिले. मग एकशे बारावे पान. खुर्ची पुढे ठेवली. दंड धरून ओढले नाही. बाबांना कुशीवरून पोटावर, पोटावरून गुडघ्यावर आणायचा प्रयत्न केला. गुडघा लाकडासारखा ताठ होता, वळला तो दुसराच. तो त्यांच्या डाव्या बाजूला गेला की उजवी बाजू ढासळे. उजवीकडे आला की डावी. तिसऱ्या खेपेला खुर्चीच सरकली आणि बाबांचे डोके त्याच्या छातीवर येऊन आदळले. ते वजन किरकोळ नव्हते. त्याला दम लागला. तो त्यांना तसेच धरून फरशीवर बसला, बापाच्या केसांचा वास नाकाशी, आणि इतक्या जवळ आपण शेवटचे केव्हा बसलो होतो ते त्याला आठवेना.

"दुकानात पन्नास किलोचं वजन असायचं," बाबा त्याच्या छातीशी म्हणाले. "ते आम्ही कधी एकट्याने उचललं नाही. मीही नाही, मालकानेही नाही."

"आता होईल, बाबा. गोळी लागू होऊ दे."

"नियमच होता तसा," बाबा म्हणाले, आणि थोडे थांबून, "मुकाट्याने माणूस बोलवायचो."

त्याने पलंगावरची उशी ओढून त्यांच्या डोक्याखाली दिली आणि जिना उतरला. तळमजल्यावर किल्ल्या बनवणारा राहत असे. सात वर्षे ते एकमेकांना मान हलवून ओळख देत होते. त्याच्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे हेही त्याला माहीत नव्हते. दार उघडल्यावर काय म्हणायचे याची जुळवाजुळव तो करत असतानाच दार उघडले, किल्लीवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिले, हातातली कानस ठेवली आणि चप्पल न घालता वर आला.

दोघांनी दोन बगला धरल्या. किल्लीवाल्याने "हं" म्हटले. बाबा उठले. त्याला दहा सेकंदही लागले नाहीत. पलंगावर टेकल्यावर बाबांनी सदरा नीट केला आणि पाहुण्याला बसायला सांगितले. किल्लीवाला बसला नाही. मात्र दारात घुटमळला, आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाला, "मागेही दोनदा पडल्याचा आवाज आला होता. वाटलं, यावं वर. पण तुम्हाला आवडेल की नाही, कळेना."

किल्लीवाला गेल्यावर त्याने बाबांच्या पायांवर पांघरूण घातले. गोळी हळूहळू लागू होत होती. बोटे सैल पडत होती. बाबांनी डोळे मिटले होते, पण हात हलत होता, म्हणजे ते जागे होते. खिडकीबाहेर समोरची भिंत करडी होत चालली होती. तो स्वयंपाकघरात गेला आणि ताईला फोन लावला. सांगायच्या गोष्टी त्याने मनात ओळीने मांडल्या होत्या: काकू, गोळीला झालेला उशीर, पट्ट्या संध्याकाळी का चालत नाहीत, आणि वहीतला कोणता भाग त्याने अजून करून पाहिला नव्हता. पलीकडे दाराची घंटा वाजत होती, मुली भांडत होत्या. ताईने त्यांना गप्प केले आणि विचारले, काय झालं.

"ताई," तो म्हणाला, "मला एकट्याला जमत नाही."